नापीक जमिनीची फुले
भरतीची रेषा संपते तिथपासून वाळूवर पसरत जाणारी, आपट्यासारख्या जोडपानांची आणि गुलाबी-जांभळ्या फुलांची मर्यादवेल ही कोकण किनाऱ्याची वनस्पती असल्यामुळे भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या सह्याद्रीच्या तालुक्यांत ती आढळत नाही. तिच्या जगण्यातली अडचण मात्र तिथल्या रायरेश्वरासारख्या पठारावर भाद्रपदात उमलणाऱ्या ‘सीतेची आसवे’ या फुलांनाही तितकीच सोसावी लागते.

वाळूत पाणी थांबत नाही आणि त्याबरोबर नत्र, म्हणजे वनस्पतीच्या वाढीला लागणारे मुख्य पोषणद्रव्य, झिरपून जाते. पठारावरच्या कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर, आणि तोही मुसळधार पावसाने धुऊन काढलेला. मर्यादवेल पेरापेरांतून मुळे सोडून वाळूला धरून राहते, तर सीतेच्या आसवांना खरी मुळेच नसतात. दोऱ्याएवढ्या देठावर दोन ओठांचे निळे-जांभळे फूल आणि त्याखाली शिंगासारखी निमुळती नळी, एवढेच वर दिसते. खरा उद्योग चालतो तो ओल्या मातीत, मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा पिशव्यांमध्ये. वनस्पती पिशवीतले पाणी बाहेर टाकत राहते, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जाऊन ताणलेल्या असतात. तोंडाजवळच्या केसांना एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागताच झडप उघडते, पाण्याच्या लोंढ्याबरोबर तो जीव आत खेचला जातो आणि पापणी लवण्याआधी झडप मिटते. मातीने नाकारलेले नत्र या भक्ष्यातून मिळते. कातळ वाळू लागला की बी टाकून हे इवलेसे रोप संपते.

शेतातल्या अशा कातळाला महसुली भाषेत पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र, म्हणतात. पिकाच्या हिशेबाने ते खरेच आहे. परंतु या फुलांना सुपीकता मानवत नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही याची खंत वाटते. माती आणून टाकली, शेणखत घातले की गवत माजते आणि बोटभर उंचीचे हे रोप त्याच्या सावलीत टिकत नाही. वेल्ह्याचा मढे घाट उतरून पुढे किनाऱ्यापर्यंत गेले, तरी हाच प्रकार दिसतो: वारा अडवण्यासाठी वाळूवर सुरूची बने लावली गेली, आणि सुरूच्या दाट सावलीत, गळलेल्या काड्यांच्या थराखाली, उन्हाला सोकावलेल्या मर्यादवेलीला जागा उरली नाही.