पाठांतर आणि पायपीट

मैत्रिणींनो, मोहरीचा डबा हातात आणि आपण मोहरीच शोधतोय, असं तुमचं कधी होतं का हो? माझं होतं. पण मागच्या वर्षी गोष्ट डब्याच्या पुढं गेली.

मी अंबाजोगाईची. घरचं आवरून दुपारी तीन तास एका शाळेत मराठी शिकवते. पगार म्हणावा तर पगार, नाहीतर भाजीपाल्याचा खर्च. बी. ए. होऊन पंधरा वर्षं झाली होती, तरी मनाचा हिय्या करून छत्तिसाव्या वर्षी बाहेरून एम. ए. ला नाव घातलं आणि भाषाविज्ञानाच्या पेपरात नापास झाले. घरात कुणी काही बोललं नाही, ते न बोलणंच जास्त लागलं. हे तेवढे म्हणाले, "या वयात पाठ होणं अवघडच की."

त्याच दिवसांत सासूबाईंचं विसरणं वाढलं. गॅसवर दूध ठेवून अंगणात जाऊन बसायच्या. धाकट्या नातीला थोरलीच्या नावानं हाक मारायच्या आणि ती हसली की ओशाळायच्या. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाबाच्या गोळ्या बदलून दिल्या आणि म्हणाले, "रोज चालवा यांना." मी वाटेत विचार करत होते, विसरणं डोक्यात आणि औषध पायांत, हे कसं?

मग वाचायला लागले. आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना समुद्रघोड्याच्या आकाराचा एकेक लहानसा भाग असतो. त्याला हिपोकॅम्पस म्हणतात. नवं काही लक्षात ठेवायचं तर आधी त्याच्या हाताखालून जावं लागतं. उतारवयात तो आक्रसत जातो. अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० माणसांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भरभर चालायला लावलं, बाकीच्यांना नुसते हातपाय ताणण्याचे व्यायाम दिले. वर्षानं पाहिलं तर चालणाऱ्यांचा तो भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता आणि दुसऱ्या गटाचा घटला होता. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. दोन टक्के म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. पण जे दर वर्षी कमी व्हायचं ते वाढलं, हे मला मोठं वाटलं.

शेजारच्या वहिनींना सांगितलं तर त्या फणकारल्या, "दिवसभर राबतो तो व्यायाम नाही तर काय?" त्यांचं अगदीच चूक नाही. पण घरकामात आपण थकतो, दम मात्र फारसा लागत नाही, आणि मन तर एक क्षण मोकळं नसतं. भांडी घासताना उद्याच्या डब्याचा विचार. आता आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणाऱ्या बायका पाहा. पहाटे अंधारात उठायचं आणि मोळ्या डोक्यावर वाहायच्या. त्यांना 'चाला' म्हणून सांगायला माझी जीभ रेटणार नाही. त्यांना झोप हवी. दिवसा शिकलेलं रात्री झोपेतच पक्कं होतं, हेही आता शास्त्रज्ञ सांगतात. आईबापांबरोबर फडावर जाऊन आलेलं पोर वर्गात पाढा विसरलं की आम्ही शिक्षक त्याला 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो. मीसुद्धा म्हटलंय.

मी मुकुंदराजांच्या समाधीच्या रस्त्यानं चालायला लागले. 'विवेकसिंधू'च्या कर्त्याच्या वाटेवर भाषाविज्ञान घोकायचं! पण चालताना वाचायचं नाही, हे मी लवकरच शिकले. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात ७२ जणांना काही चित्रांच्या जागा लक्षात ठेवायला दिल्या होत्या. काहींनी लगेच व्यायाम केला, काहींनी चार तासांनी, काहींनी मुळीच नाही. दोन दिवसांनी चार तासांनी व्यायाम करणाऱ्यांनाच जास्त आठवलं. तेव्हापासून मी शाळेत जाण्याआधी तास दीड तास अभ्यास करते आणि संध्याकाळी चालते. आपल्या वेळापत्रकात हे बसतं तरी!

ध्यानाचं मात्र सोपं गेलं नाही. श्वास येतो-जातो तेवढा पाहायचा, बाकी काही नाही. पहिल्या आठवड्यात मला दूधवाला, कुकरच्या शिट्ट्या आणि नणंदेचं तीन वर्षांपूर्वीचं एक बोलणं, एवढंच दिसलं. पण मन भटकलं की गुपचूप परत आणायचं, हीच तर कसरत आहे. कॅलिफोर्नियातल्या ४८ विद्यार्थ्यांपैकी एका गटानं असं दोन आठवडे केलं, त्यांचे वाचनाच्या परीक्षेतले गुण वाढले. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला आहारशास्त्र शिकवलं होतं, त्यांचे वाढले नाहीत. (आपल्याकडं आहारशास्त्र बायकांनाच का शिकवतात, हा वेगळा विषय.) दहा मिनिटांनी मी काही योगिनी झाले नाही. पण एकच पान चार वेळा वाचावं लागत होतं, ते आता दोनदा वाचून भागतं.

सासूबाईंना पहिल्या दिवशी वेशीपर्यंत नेणंही जड गेलं. "लोक काय म्हणतील, सासू-सुना हिंडायल्या!" आता योगेश्वरीच्या देवळापर्यंत जाऊन येतो. एकदा वाटेत त्या जात्यावरच्या ओव्या म्हणायला लागल्या. एक, दोन, दहा, न अडखळता! सकाळी काय खाल्लं ते सांगता येईना, आणि ओव्या मात्र साखळीसारख्या. हात फिरायचा, श्वास लयीत चालायचा, बाकी कसलं भान नसायचं, तेव्हा पाठ झालेलं ते. आपल्या जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी १९९६ साली गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या अभ्यासकांनी ध्वनिमुद्रित करून ठेवल्यात. महाराष्ट्रभरच्या अशा ओव्या लाखाच्या वर जमल्या आहेत. त्यातल्या कित्येक बायकांना अक्षरओळख नव्हती. आणि मी पदवीधर असून पेपरात अडले!

सासूबाईंचं विसरणं थांबलेलं नाही, खोटं कशाला सांगू? गॅसची कळ आम्ही अजून रात्री दोनदा पाहतो. पण त्या झोपतात शांत, आणि चार वाजले की स्वतःच चपला घालून ओट्यावर येऊन बसतात.

भाषाविज्ञानाचा पेपर मी पुन्हा दिला. निकाल लागायचा आहे. परवा पुस्तक मिटून उठले तशा ओट्यावरून म्हणाल्या, "झालं का गं वाचून? चल, ऊन उतरलं." आणि नाव घेतलं ते माझंच होतं.