मोटार भरून मिळते, लॅपटॉपचं काय?

मंडळी, विहिरीवरची ५ एचपीची मोटार तीनदा भरून आणली, अजून पाणी ओढते. लॅपटॉप मात्र चौथ्याच वर्षी बसला. बोर्ड गेला, आणि स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं. नवा बोर्ड २२ हजार, आणि द्राक्षाच्या तीन हंगामांच्या फवारणीच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

यंदा १० हजार जास्त मोजून स्क्रूने उघडणारा घेतला. रॅम, एसएसडी, बॅटरी सगळं सुटं निघतं. पाच वर्षं चालला तर वर्षाला दोनच हजार जादा पडतात. मला परवडलं.

पण पैसे देण्याआधी विचारा, पार्ट तालुक्याला मिळतो का? मिळत नसेल तर नुसत्या स्क्रूचं काय लोणचं घालायचं? आणि नोंदींची एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवाच.