एका बुटक्या ट्रॅक्टरची खबरबात

शबॉयगन, विस्कॉन्सिन
ऑक्टोबर अखेर

प्रिय बापू,



माझ्या ट्रॅक्टरचा फोटो बघून तू धाडलेलं वाक्य घरात मोठ्यानं वाचून दाखवलं: "ह्याच्यावर बसायचं, का ह्याला काखेत मारून न्यायचं?" आमच्याकडं अजून हशा ओसरलेला नाही. पण लेका, हसण्यावारी नेऊ नकोस. हा बुटका तुमच्या आण्णांच्या लाल इंटरनॅशनलचा सख्खा चुलतभाऊ आहे. नातं नीट सांगतो, मग टायरांकडं वळतो. पत्र लिहायचं खरं कारण टायरच आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर इथं शहरं बाहेर पसरली. माणसांना शेती नको होती, पण घराभोवती अर्धा-एक एकर मोकळी जागा हवी होती. एवढ्या जागेला हातानं ढकलायचं गवतकापणं पुरत नाही आणि मोठा ट्रॅक्टर तिथं वळतही नाही. मग ट्रॅक्टर कंपन्यांनीच छोटी भावंडं काढली. शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर १९०२ सालापासूनची, मॅकॉर्मिक आणि डिअरिंग वगैरे एकत्र येऊन झालेली. तिचा फार्मॉल कब नावाचा लहान शेती-ट्रॅक्टर १९४७ पासून चालत होता. त्याच्याच मागच्या धुऱ्यातल्या भागांचा आधार घेऊन त्यांनी १९६१ चं मॉडेल म्हणून कब कॅडेट आणला, सात हॉर्सपॉवरचा. केंटकी राज्यातल्या लुइव्हिलच्या कारखान्यात तो बनायचा. दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, इथल्याच हॉरिकॉन गावात जॉन डिअरनंही आपला ११० काढला. आणि त्याच १९६३ साली आपल्याकडं महिंद्र, व्होल्टास आणि ही इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. कांदिवलीच्या कारखान्यातून जो बी-२७५ निघाला, तोच तुमच्या शेडमध्ये विटांवर उभा आहे. म्हणजे घराणं एक. एक भाऊ तासगावला नांगरटीला गेला, दुसरा इथं बंगल्यांच्या मागं गवत कापायला राहिला.

माझ्याकडं आहे तो कब कॅडेट १०२, १९६५ ते ६७ च्या काळातला. दहा हॉर्सपॉवर, तीन पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स. इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत बेल्ट नाही, सरळ शाफ्ट जातो. गिअरबॉक्स बिडाचा, चौकट जाड पट्ट्यांची. त्यामुळं पुढं बर्फ ढकलायचं पातं लागतं, मागं छोटा नांगरही लागतो. हल्ली दुकानात मिळणारी गवत कापायची यंत्रं दिसायला अशीच असतात, पण त्यांना नांगर जोडलास तर पहिल्याच तासाला बसतील.

इंजिन कोहलरचं. हो, तोच कोहलर, ज्याचे नळ तू मुलाच्या बंगल्यात मोठ्या हौसेनं बसवलेस. कोहलर नावाचं गावच इथं आमच्या शेजारी आहे. इंजिनाचा नंबर के-२४१. त्यांची रीत अशी की पहिले दोन आकडे साधारण घनइंच सांगतात आणि शेवटचा सिलिंडर किती ते. म्हणजे चोवीस घनइंच, एक सिलिंडर. त्यानं मला काहीच त्रास दिला नाही. कार्बोरेटर उघडून धुतला, पेट्रोलची नळी बदलली, पॉइंट घासून वीस थाऊचा, म्हणजे ०.०२० इंचाचा गॅप ठेवला, नवा प्लग घातला. स्टार्टर आणि जनरेटर एकाच डब्यात आहेत, बेल्टवर फिरणारे. बॅटरी जोडली आणि त्यानं खोकून खोकून सूर धरला. इंजिनाचं पुराण एवढंच.

घोडं अडलं ते टायरांपाशी.

पुढचे दोन्ही टायर उन्हापावसानं इतके चिरलेले की आतले धागे दिसत होते. मागचे वरून बरे वाटले, पण व्हॉल्व्हपाशी पांढरट खार साचलेला आणि रिमला पापुद्रे सुटलेले. इथल्या लोकांना हे चटकन कळतं. तुम्ही चिखलणीला किंवा जड ओढीला मागच्या टायरात पाणी भरता ना, वजनासाठी? इथं साधं पाणी भरलं तर हिवाळ्यात त्याचा दगड होतो. म्हणून जुन्या काळी पाण्यात कॅल्शियम क्लोराइड घालायचे. प्रमाण बरोबर असेल तर ते उणे तीस सेल्सिअसलाही गोठत नाही, शिवाय पाण्यापेक्षा जड. पण शेवटी ते मीठच. ट्यूबमधून थेंब जरी झिरपला तरी लोखंड खातं. बाहेरून रंगवलेली, आतून कुरतडलेली अशी किती चाकं इथल्या गोठ्यांत पडलेली असतील! आता लोक त्याऐवजी काय भरतात, सांगू? बीटचा रस! साखरेच्या बीटपासून साखर काढल्यावर उरलेला काळा, जड द्रव. गोठत नाही, गंजवत नाही. कारखान्याच्या मळीचा वास आयुष्यभर घेतलेल्या माणसाला मी हे सांगतोय म्हणजे कमाल आहे.

जुना टायर रिमवरून सोडवणं हे खरं अंगमेहनतीचं काम. टायरची कड वर्षानुवर्षं गंजासकट रिमला चिकटलेली असते. ह्या लहान टायरांच्या बाजू आखूड आणि ताठ, त्यामुळं मोठ्या टायरासारखं पायानं दाबून काही होत नाही. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडली, कडेला साबणाचं पाणी मुरू दिलं, आणि चाक मोठ्या व्हाइसमध्ये धरून टायरची बाजू आवळत आवळत गोल फिरवली. 'फट्' असा आवाज झाला की समजायचं, सुटली. पुढं दोन टॉम्या आणि आपले दंड.

रिमचा गंज काढायला विजेचा उपाय केला. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा, त्यात रिम बुडवायची. बॅटरी चार्जरची ऋण बाजू रिमला, धन बाजू भंगार लोखंडाच्या पट्टीला. गंज सुटून काळा गाळ होतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. मात्र हे उघड्यावरच करायचं, कारण हायड्रोजन सुटतो. विडी-काडी लांब. आणि पट्टी म्हणून स्टीलचा चमचा-पळी चुकूनही वापरायची नाही. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. तुझ्याकडं ह्याहून सोपा मार्ग आहे: मळी. एक भाग मळीला नऊ-दहा भाग पाणी, त्यात लोखंड दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचं. गंज आपोआप सुटतो. वासाची जबाबदारी वहिनींना आधी विचारून घे.

गंज गेल्यावर आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसले, पण कड शाबूत होती. कड खाल्लेली असती तर रिम भंगारातच गेली असती, कारण टायर धरतो तो कडेवर. प्रायमर, मग पांढरा रंग. टायर टेकतो त्या जागेवर रंगाचा थर पातळच ठेवला, नाहीतर तिथूनच हवा निसटते.

आता मुद्द्याचं. नवे टायर कुठले घ्यायचे? मागचा आकार २३ बाय ८.५०-१२, म्हणजे बाहेरून तेवीस इंच उंच, साडेआठ रुंद, रिम बारा इंची. मिळतात दोन तऱ्हेचे. एक शेताचा, तिरप्या उंच दातांचा, तुमच्या ट्रॅक्टरला असतो तसा. दुसरा हिरवळीचा, सपाट बारीक नक्षीचा, गवताला जखम न करणारा. जुने ट्रॅक्टर नव्यासारखे करणाऱ्यांच्या जगात ह्यावरून घराघरांत मतं पडतात. एक पंथ म्हणतो, कारखान्यातून निघाला तेव्हाच्या नक्षीचेच टायर हवेत, मग त्यासाठी वर्षभर शोधावं लागलं तरी चालेल. दुसरा पंथ दिसायला भारी म्हणून दातांचेच बसवतो, आणि मग तो ट्रॅक्टर हिरवळीवर नेत नाही, कारण वळताना माती उपटतो. दोन्हीकडचे ट्रॅक्टर आरशासारखे चमकतात, आणि बरेचसे ताडपत्रीखाली झोपलेले असतात.

मला वाटतं बापू, रंग काय, कुणीही देईल. ट्रॅक्टर पुढं काय करणार हे टायर घेतानाच ठरवावं लागतं. दात घेतलेस तर नांगर, हिरवळ घेतलीस तर पातं आणि बर्फ. तिसरं काही नाही. काम ठरवल्याशिवाय टायर निवडता येत नाही, आणि ज्याला काम नाही त्याला कुठलेही टायर चालतात.

ट्रॅक्टरच्या रबरी टायरांची गोष्टही इथल्याच मातीतली आहे, बरं का. १९३२ पर्यंत ट्रॅक्टरला लोखंडी चाकं आणि त्यावर लोखंडी खुंट्या असत. मिलवॉकीच्या अलीस-चामर्स कंपनीनं फायरस्टोनचे विमानाचे टायर एका ट्रॅक्टरला लावून वॉकेशॉजवळच्या शेतावर चालवून बघितले. शेतकरी म्हणाले, रबर मातीत घसरणार. मग कंपनीनं लोकांची खात्री पटवायला ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या! १९३३ साली बार्नी ओल्डफील्ड ह्या नावाजलेल्या रेसरनं टेक्ससमध्ये ट्रॅक्टर ताशी चौसष्ट मैलांवर पळवला. म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. शेतात त्या वेगाचा उपयोग शून्य, पण लोकांनी रबर स्वीकारलं. काही वर्षांत लोखंडी चाकं मागं पडली.

असो. मी स्वतः हिरवळीचे टायर घेतले. आमच्याकडं नांगरायला जागा नाही, पण गवत आहे आणि डिसेंबर ते मार्च दारात बर्फ आहे. बर्फावर तसेही दोन्ही टायरांना साखळी लागतेच. वजनासाठी मागच्या चाकांना बिडाच्या चकत्या बोल्टनं जोडल्या, आत द्रव काही भरला नाही. पुढं तीन उभ्या कंगोऱ्यांचे टायर, त्यानं स्टिअरिंग नेमकं वळतं. आणि रिमला खड्डे होते म्हणून मागं ट्यूब टाकली.

टायर चढवण्याचं कसब म्हणजे रिमच्या मधल्या खोलगट भागाचा उपयोग. एका बाजूची कड त्या खोलीत ढकलायची, मग समोरची बाजू जोर न लावता टॉमीनं चढते. खोली विसरून नुसता जोर लावला की टॉमी ट्यूब चावते. आधी टायर उन्हात तापवून मऊ केले, कडेला साबण लावला, आतला कागदी स्टिकर खरवडून काढला, कारण तोच घासून घासून ट्यूबला भोक पाडतो. ट्यूबला पावडर चोळली. पुढचे टायर बिनट्यूबचे. त्यांची कड रिमला टेकेना आणि हवा भसाभस निघून जाई. मग टायरच्या पाठीवर सामान बांधायचा पट्टा गुंडाळून आवळला. मधला भाग दबला तशा बाजू फाकल्या, रिमला भिडल्या आणि हवा धरली. काही शूर लोक आत ज्वालाग्राही स्प्रे मारून काडी लावतात आणि स्फोटानं कड बसवतात. तसले व्हिडिओ तुझ्या नातवाला दाखवू नकोस. हवा भरताना लांब नळीचं चिमट्याचं तोंड वापरायचं, टायरच्या बाजूवर लिहिलेली मर्यादा ओलांडायची नाही, आणि समोर तोंड घालून उभं राहायचं नाही. कड बसली की हवा उतरवायची: मागं आठ-दहा पौंड, पुढं बारा-चौदा. एवढी कमी बघून तुमचा पंक्चरवाला बेशुद्ध पडेल, पण गवतासाठी तेवढीच बरी.

गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा पातं जोडायला मदतीला आला. आता दारातली पडलेली पानं ढकलून सराव चाललाय. पहिला बर्फ पडला की रस्त्यापर्यंतची वाट मीच मोकळी करणार आणि बर्फ काढणाऱ्या माणसाला यंदा सुट्टी.

आता तुझं बोल. मागच्या फोनवर तू विचारलंस, आण्णांच्या ट्रॅक्टरला रंग द्यायला किती खर्च येईल. रंगाचं राहू दे. आधी ठरव, तो करणार काय? द्राक्षाच्या ओळीत तो मावणार नाही, तिथं तुझा मिनी ट्रॅक्टर आहेच. पण बेदाण्याची ट्रॉली रॅकपासून घरापर्यंत ओढायला तो अजून दहा वर्षं चालेल. तसं ठरलं तर मागच्या-पुढच्या टायरांवरचे आकडे लिहून पाठव, आणि रिम आतून कशी आहे ते टायर काढून बघ. नुसता दारात उभा करायचा असेल, तर रंगाचा खर्चही करू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. छाटणी आटोपली असेल. दिवाळीच्या शुभेच्छा.

तुझाच,
अमेरिकेतला मिस्त्री

ता. क. बी-२७५ ला नवे दातांचे टायर घेतलेस तर बसवताना स्वतः उभा राहा. ट्रॅक्टरच्या मागं उभं राहून पाहिलं की दातांच्या व्हीचं टोक वर दिसलं पाहिजे. म्हणजे टोक आधी जमिनीला लागतं आणि चिखल दोन्ही बाजूंना निघून जातो. उलटे बसले तर चिखल दातांत भरतो, आणि ट्रॉली चढावर अडकली की तू मला फोनवर शिव्या घालशील.