अम्मीची छाती वाजते

माझ्या खोकल्याला आमच्या मोहल्ल्यात ओळख आहे. मी जिन्यात खोकले की वरच्या मजल्यावरची शेजारीण चुलीपुढूनच म्हणते, "टीचर आल्या." वर्गातली पोरं तर व्हरांड्यातला खोकला ऐकूनच वह्या उघडून बसतात. शिक्षिकेला एवढा धाक आयता मिळत असेल तर तक्रार का करावी?

तसं मालेगावात खोकला ही नवलाची गोष्ट नाही. यंत्रमागांवरून उडणारी रुई, सायझिंगच्या चिमण्यांचा धूर. घरटी एखादा तरी खोकणारा सापडतोच. पण पुरुषाचा खोकला वेगळा आणि बाईचा वेगळा. मागावरचा माणूस खोकला तर "रुई गेली छातीत" म्हणून त्याला गूळ देतात. सून खोकली तर विचारतात, "हिला माहेरी काही होतं का?"

होतं. 2009 साली डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला टीबी झाला. तेव्हा सरकारी उपचारात दिवसाआड गोळ्या असत, आणि त्या आरोग्यसेविकेच्या समोर गिळाव्या लागत. प्रत्येक रुग्णाचा औषधाचा वेगळा डबा असे, माझा लाल होता आणि त्यावर माझं नाव लिहिलेलं होतं. अम्मीला आजारापेक्षा त्या नावाची धास्ती जास्त. केंद्रातलं कपाट उघडं राहिलं आणि बिरादरीतल्या कुणी वाचलं तर? सहा महिने पूर्ण झाले, बेडका तपासला, जंतू नव्हते. लग्न ठरताना अम्मी म्हणाली, झालं गेलं, आता उकरू नका. अब्बांनी मात्र सासऱ्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. सासरे म्हणाले, "बरी झाली ना? मग शुक्र करा." या एका वाक्यासाठी मी त्यांच्या हक्कात आजही दुआ करते.

पण टीबी गेला तरी जाताना घर मोडून गेला, हे 2019 मध्ये कळलं. धाकटा दीड वर्षाचा होता. खोकताना रक्त आलं. पुन्हा तेच असणार म्हणून मी मुलाला जवळ घेईना. तो दाराशी रडत होता आणि मी तोंडाला ओढणी बांधून आत बसले होते. नाशिकला छातीचा सीटी स्कॅन झाला, बेडक्याची तपासणी झाली. टीबी नव्हता. त्याने मागे ठेवलेलं होतं, ब्राँकिएक्टॅसिस.

डॉक्टरांनी समजावलं ते मला पटकन कळलं, कारण ते शिलाईच्या भाषेत बोलले. जुन्या सलवारीच्या नेफ्यातलं इलॅस्टिक सैल पडतं ना, तशा डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या श्वासनलिका सैल आणि रुंद झाल्यात. कफ वर ढकलणारी बारीक लव तिथे झडली आहे. कफ साठतो, साठलेल्या कफात जंतू वाढतात, ते नळ्या आणखी बिघडवतात, मग आणखी कफ. इलॅस्टिक पुन्हा घट्ट होणार नाही. साठू द्यायचं नाही, एवढंच हातात. हा रोग पहिल्यांदा नीट लिहून ठेवला तो फ्रान्सच्या लेनेक या डॉक्टरांनी, 1819 मध्ये. स्टेथोस्कोप त्यांनीच शोधला, कागदाची सुरळी छातीला लावून. ते स्वतः पुढे क्षयाने गेले. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं वहीची सुरळी करून एकमेकांच्या छातीला लावतात, आणि पुढची दहा मिनिटं विज्ञानाचा तास हातचा जातो.

साठू द्यायचं नाही म्हणजे रोजचं काम. सकाळी उपाशीपोटी मिठाच्या पाण्याची वाफ मशीनने घ्यायची. मग कमरेखाली दोन उशा घेऊन पालथं पडायचं आणि कुणीतरी पाठीच्या डाव्या बाजूला, खाली, पोकळ हाताने थापटायचं. मुलांचे अब्बा पहाटेच कामावर जातात. त्यामुळे हे काम आधी सासूबाईंकडे होतं, त्यांचे गुडघे गेल्यावर ते थोरलीकडे आलं. ती आता अकरा वर्षांची आहे. हाताची ओंजळ कशी करायची, पाठीचा कणा कसा सोडायचा, सगळं तिला येतं. ती उर्दूत गिनती म्हणते, धाकटा तिच्या गिनतीवर पातेलं वाजवतो. हसू आलं की खोकला येतो, खोकला आला की कफ सुटतो. फिजिओथेरपीच्या कुठल्या पुस्तकात हे असेल की नाही कोण जाणे!

सजद्यातही खोकला येतो, डोकं खाली गेलं की कफ वाट धरतो. पूर्वी मला त्याची लाज वाटायची. आता सजदा लांबवते.

रमजानचा प्रश्न एवढा सोपा नव्हता. इन्हेलरने रोजा तुटतो, असं आमच्याकडचे उलेमा सांगतात; तुटत नाही म्हणणारे अरब उलेमाही आहेत. पण माझा पेच इन्हेलरच्या आधीचा. दिवसभर पाणी नसलं की कफ डिंकासारखा चिकट होतो. एक वर्ष हट्टाने रोजे धरले आणि ईदला तापाने पडून होते. बीमार माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे, सूरह बकरात ती साफ आहे. तेव्हापासून मी फिदया देते, एका रोजाचे सुमारे पावणेदोन किलो गहू. ही सवलत आपण दुसऱ्याला आनंदाने सांगतो. स्वतः घेताना मात्र दार लावून जेवतो. थोरलीने पहिला रोजा धरला त्या दुपारी मी असंच दार लावून वरण-भात खात होते. ती आत आली, माझ्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अम्मी, तू खा. मी तुझाही धरलाय." असा दुसऱ्याचा रोजा धरता येत नाही, हे मी शिक्षिका असूनही तिला त्या दिवशी शिकवलं नाही.

लोक तिचं कौतुक करतात. बेटी असावी तर अशी. मला त्या कौतुकाची भीती वाटते. रात्री मी कूस बदलली तरी तिला जाग येते. इन्हेलरवरचा आकडा ती माझ्याआधी पाहते. कफ पांढरा की हिरवा, हे तिला आभाळ कळावं तसं कळतं. या वयात पोरीच्या कानात एवढी चौकीदारी बसावी, हे मला मंजूर नाही. धाकट्याला तशी काही फिकीर नाही, आणि मला ते बरं वाटतं.

म्हणून या उन्हाळ्यात मी तिला आठ दिवस नानीकडे पाठवायचं ठरवलं. ती जाईना. "थापटणार कोण?" मी म्हटलं, डॉक्टरांनी एक छोटं यंत्र दिलंय, त्यात फुंकलं की छातीत थरथर होते, माझं मी करेन. ते खरंच होतं. ती यंत्र हातात घेऊन फुंकून बघत राहिली, मग धाकट्याला ओंजळ करायला शिकवून गेली.

तिसऱ्या रात्री फोन आला. "अम्मी, खोकून दाखव."

"अगं, सगळे झोपलेत."

"दाखव ना."

मी खोकले. पलीकडे ती श्वास धरून ऐकत होती. मागे तिच्या मामेबहिणी हाका मारत होत्या, गच्चीवर काहीतरी खेळ चालला होता.

"सुटतोय," ती म्हणाली, आणि फोन नानीच्या हातात देऊन पळाली.