धंदेवाईक

मराठीत ‘धंदेवाईक’ हा शब्द सहसा कोणी कौतुकाने उच्चारत नाही. कलावंत किंवा खेळाडू धंदेवाईक झाला की तो संपला, असेच आपण धरून चालतो. कॉमर्सचा विद्यार्थी या नात्याने मला हे जरा झोंबते. म्हणूनच टेनिसचा इतिहास वाचताना पांचो सेगुरा या नावापाशी मी थबकलो.

सेगुरा इक्वेडोरचा. ज्या देशाला ग्रँड स्लॅममधले पहिले एकेरी विजेतेपद पाहायला १९९० साल उजाडावे लागले (आंद्रेस गोमेझ, फ्रेंच स्पर्धा), त्या देशात हा १९२१ साली जन्मला. वडील ग्वायाकिल शहरातल्या टेनिस क्लबाचे राखणदार. मुडदुसाने मुलाचे पाय धनुष्यासारखे वाकलेले, आणि अंगात बळ इतके कमी की रॅकेट दोन्ही हातांनी धरावी लागे. पुढे हाच दुहाती फोरहँड त्याचे अस्त्र झाला. १९४३ ते १९४५ अशी सलग तीन वर्षे तो अमेरिकेतील आंतरविद्यापीठ विजेता होता.

१९४७ साली तो व्यावसायिक झाला आणि विंबल्डनसकट साऱ्या मोठ्या स्पर्धांची दारे त्याला बंद झाली. तिथे प्रवेश फक्त हौशी खेळाडूंना. ही हौसही मोठी मजेदार! नामांकित हौशी खेळाडूंना ‘प्रवासखर्च’ म्हणून गुपचूप बरीच रक्कम मिळे. (मिळकत अशी खर्चाच्या खात्यात दडवलेली आमच्या सरांना दिसली, तर ते वही तोंडावर फेकतील.) ज्याच्या घरी चुलीची चिंता नव्हती, त्याला हौस परवडे. राखणदाराच्या मुलाने काय करावे? आपल्याकडच्या नाटक कंपन्यांसारखा तो गावोगाव खेळत हिंडला.

आपल्या रामनाथन कृष्णन यांनाही जॅक क्रेमरने व्यावसायिक होण्यासाठी बोलावले होते. ते हौशीच राहिले, म्हणून तर १९६६ साली भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला तेव्हा ते संघात होते. त्यांना कोण नावे ठेवील? पण सेगुरा ‘पैशासाठी खेळला’ असे कोणी नाक मुरडून म्हटले की मला माझे चुलते आठवतात. आमच्या सीमाभागातल्या जत्रांत ते कुस्त्या खेळले. भर फडात, हलगीच्या तालावर, पंच त्यांच्या हातावर इनाम ठेवत. माझी शाळेची फी त्यातूनच भरली गेली. कन्नडमध्ये बक्षिसाला ‘बहुमान’च म्हणतात. आपण मराठीत मात्र बहुमानाला पैशाचा विटाळ होऊ देत नाही.

१९६८ साली विंबल्डन सर्वांना खुले झाले. सत्तेचाळीस वर्षांचा सेगुरा पेरूत जन्मलेल्या अ‍ॅलेक्स ओल्मेडोबरोबर दुहेरीत उतरला आणि त्यांनी एक सेट ३२–३० असा जिंकला. एका सेटमध्ये बासष्ट गेम! एकवीस वर्षांची थकबाकी एकाच बैठकीत वसूल करायची असावी बहुधा.