धुळीचा उतारा

नवी दिल्ली, १८ मे २०२५

ती. बाबा आणि आईस सा. नमस्कार.

सुखरूप पोचले. दशम्या झाशीपर्यंत पुरल्या. भोपाळच्या पुढं गोवा एक्सप्रेसच्या खिडकीतून चुलीपुढं बसल्यासारखा वारा येत होता. मुनिरकात खोली मिळालीय. आई, जेवणाची काळजी नको, अगदीच वाटलं तर कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांचे कृती आराखडे वाचायचे आणि त्यावर टिपणं काढायची, असं काम आहे. दोन पानांपुढं कुणी वाचत नाही, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. यादीत देशातली सव्वाशेहून जास्त शहरं आहेत. महाराष्ट्रातली १९, आणि त्यांत आपली सांगली! शेजारच्या टेबलावरची पाटण्याची मुलगी म्हणाली, "तुमच्याकडे तर नदी आहे ना?" जसं काही पाटण्याला गंगा नाहीच.

तुमची,
मनू

नवी दिल्ली, २ जून

ती. बाबांस,

हे पत्र खास तुमच्यासाठी. सध्याची हवेची मानकं २००९ची आहेत. वर्षाची सरासरी पीएम १० साठी, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, पीएम २.५ साठी ४०. ती काढायला एका ठिकाणी वर्षाला किमान १०४ मोजमापं हवीत, म्हणजे आठवड्याला दोन. चोवीस तासांची मर्यादा ९८ टक्के वेळा पाळायची. उरलेल्या दोन टक्क्यांत ओलांडली तर चालेल, मात्र मोजणीच्या लागोपाठ दोन दिवशी नाही. असं वाक्य मी जर्नलमध्ये लिहिलं असतं तर सरांनी वही परत फेकली असती. इथं ते राजपत्रात आहे. मला ती पळवाट वाटली, अजूनही अर्धी वाटते. पण वादळ, दिवाळी हे सगळं धरून नियम करायचा तर कुठंतरी फट ठेवावीच लागत असणार.

काल एका शाळेच्या गच्चीवरचं मोजणी केंद्र पाहिलं. नमुना घेणारं यंत्र मिक्सरसारखं घरघरत असतं. आत वहीच्या पानाएवढा काचतंतूंचा पांढरा कागद. तो आधी वजन करून लावायचा, आठ तासांनी काढून पुन्हा वजन करायचं. वाढलेल्या वजनाला ओढलेल्या हवेच्या घनफळानं भागलं की झालं. सहायकानं चौकट उघडली तेव्हा कागद तपकिरी झाला होता आणि चौकटीखालची कड तेवढी शुभ्र. मळकी बाजू आत घेऊन त्यानं तो दुमडला आणि पाकिटात घातला. मी म्हटलं, काळा नाही? तो म्हणाला, "मॅडम, ये राजस्थान की धूल है. काला जाड़े में आना."

मनू

नवी दिल्ली, २२ जून

ती. बाबांस,

टिपण वर गेलं एकदाचं. त्यातला मुद्दा तुम्हाला सगळ्यांत आधी पटेल.

कार्यक्रमाचं उद्दिष्ट आहे २०१७-१८च्या तुलनेत २०२५-२६पर्यंत पीएम १० चाळीस टक्क्यांनी कमी करण्याचं. फुप्फुसात खोल शिरतात ते २.५ मायक्रॉनचे आणि त्याहून बारीक कण, तरी शहरांचे गुण ठरतात दहावरून! लहान शहरांत जुन्या नोंदी दहाच्याच सापडतात, हे एक कारण. आणि दहा कमी दाखवायचं तर सोपा उपाय रस्ता झाडायचा, पाणी मारायचं, कडा फरसबंद करायच्या. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं २०२४मध्ये हिशेब मांडला: ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर, उद्योगांच्या धुरावर एक टक्कासुद्धा नाही. यात कुणी चोरी केली असं मी म्हणत नाही. जो आकडा मागितला तो महापालिकांनी आणून दिला.

तुमच्याकडं कारखान्यात उसाची एफआरपी, म्हणजे किमान दर, साखरेच्या १०.२५ टक्के उताऱ्यावर ठरते. म्हणून शेतकरी दिल्लीशी नंतर भांडतो, आधी काट्यावर आणि तुमच्या लॅबच्या दारात. इथं तसं भांडायला कुणीच येत नाही. कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांचं बिलही निघत नाही.

साहेबांनी माझी विशेषणं सगळी खोडली. आकडे आणि एफआरपीचं उदाहरण ठेवलं. ते मूळचे मुझफ्फरनगरचे, उसातलेच निघाले.

मी २९ तारखेच्या गाडीत बसते. आता हंगाम नाही, तरी बॉयलरच्या धुराड्याचे नमुने घ्यायला येणाऱ्या माणसाला विचारून ठेवा: चिपाडं जळताना २.५ कुणी कधी वेगळं मोजलंय का? आईला सांगा, पुरणपोळी नको, ताक कर.

तुमची,
मनू