‘तमस’च्या आधीची कुऱ्हाड

‘तमस’ म्हटलं की फाळणी आठवते आणि १९८८ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला वाद आठवतो. पण भीष्म साहनींच्या कादंबरीवरची गोविंद निहलानींची ही मालिका दंगलीने सुरू होत नाही. ती सुरू होते एका माणसाच्या कष्टाने. ठेकेदाराने सांगितलं म्हणून नथ्थू रात्रभर कोठडीत डुकराशी झगडतो. कशासाठी, हे खोदून विचारायची त्याची बिशाद नाही. ओम पुरींचा हा घामेजलेला, आज्ञाधारक देह दूरदर्शनने १९८२ सालीच दाखवला होता, सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’त. प्रेमचंदांच्या कथेवरचा तो तासाभरात आटोपणारा चित्रपट. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला आलेला दुखी पंडिताच्या दारात उपाशीपोटी ओंडका फोडत राहतो आणि तिथेच मरतो.

दुखी आणि नथ्थू दोघेही चर्मकार. दोघांनाही काम सांगणारा स्वतःचे हात स्वच्छ ठेवतो. सालदारकी पाहिलेल्या खानदेशाला हे नातं समजावून सांगावं लागत नाही. दुखीची बायको झुरिया झाल्या होत्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या पाटील घराण्यातल्या स्मिता पाटील. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारा त्यांचा चेहरा आता भर पावसात, नवऱ्याच्या प्रेतापाशी आक्रोश करत होता, आणि पंडिताचं दार बंद होतं. ‘तमस’मध्ये अवघं शहर भोगतं, त्याचं बीज या बंद दारात आहे.

कुणी म्हणेल, नट एकच म्हणून नातं जोडायचं का? शिवाय निहलानींनी ‘सद्गती’च्या आधीच, १९८० साली, तेंडुलकरांनी लिहिलेल्या ‘आक्रोश’मध्ये ओम पुरींना मूक लहान्या भिकू केलं होतं. खरं आहे, निहलानींनी राय यांच्याकडून उसनं घेतलं, असा दावा इथे नाहीच. पण ‘आक्रोश’मध्ये अत्याचार आधीच घडून गेलेला असतो आणि आपण त्याच्याकडे वकिलाच्या नजरेने पाहतो. ‘सद्गती’त तो कामाच्या रूपाने, घावागणिक, डोळ्यांदेखत घडतो. हिंसा आधी एखादं किरकोळ काम म्हणून सांगितली जाते, हे छोट्या पडद्यावर तिथे दिसलं. फरक आहे तो शेवटात. प्रेत उचलायला कुणी येत नाही, तेव्हा पंडिताला ते स्वतः दोरीने ओढावं लागतं. साहनींच्या कादंबरीत मात्र डुक्कर मारायला लावणाराच शांततेच्या बसमध्ये बसून घोषणा देतो. पंडिताला निदान एकदा तरी दोरी धरावी लागली. पुढच्या काळातल्या सत्तेला तेवढीही तसदी पडली नाही.